हँगरमधली विद्या घरी बसते तेव्हा

राकेश शर्मा अवकाशात पुरते आठ दिवसही नव्हते. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून ते गेले, आणि इंदिरा गांधींना त्यांनी तिथून दिलेलं उत्तर आजही शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं म्हणून दाखवतात. त्यापुढचं किती जणांना माहीत आहे? १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून दाखल झाले. १९९२ पर्यंत ते नाशिकजवळ ओझरला होते, नंतर बंगळूरला. कारखान्यातून विमान बाहेर पडलं की ते पहिल्यांदा कुणीतरी उडवून बघावं लागतं. कुठे थरथर जाणवते, कुठली कळ दाद द्यायला क्षणभर उशीर करते, कुठल्या वेगाला इंजिनाचा सूर बदलतो, हे हवेत टिपायचं आणि खाली उतरून इंजिनिअरला नेमक्या शब्दांत सांगायचं, असं ते काम. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते. वर्गात निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची मुलं असतात. राकेश शर्मा तुमच्या शेजारी काही वर्षं मिग उडवत होते असं सांगितलं की ती चमकून बघतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सैन्यातून निवृत्त झालेल्या विमानविद्येच्या माणसाचं आपण असंच करतो. त्याचा एखादा प्रसंग लक्षात ठेवतो आणि काम विसरतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, 'सीमेवरचे अनुभव सांगा' म्हणतो. तीस वर्षं त्याने विमानं उडती कशी ठेवली, हे त्याला कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. हवाई दलाचा तांत्रिक अधिकारी किंवा चाचणी वैमानिक घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर जनतेच्या पैशातून घडलेली एक विद्या घरी येते, आणि ती परत कामाला लावण्याचा रस्ता आपण बांधलेला नाही. जो रस्ता आहे तो त्याच्या ओळखींना कामाला लावतो.

हा माणूस घडतो कसा, हे आधी सांगायला हवं. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी हवाई दलात येते. बंगळूरजवळ जलहळ्ळीच्या तांत्रिक महाविद्यालयात वर्षभराहून अधिक काळ पुन्हा विद्यार्थी होते. मग स्क्वाड्रन, मग कानपूर, चंदीगड, ओझर इथले दुरुस्ती डेपो, मधेच एखादी परदेशी कारखान्यातली शिकवणी, मग नागपूरचं देखभाल कमांडचं मुख्यालय. दर दोन-तीन वर्षांनी बदली. विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन या हुद्द्यांवरचे बहुतेक जण पन्नाशीच्या मध्यावर घरी येतात, कारण वर जागाच थोड्या. मुलकी इंजिनिअर ज्या वयात कंपनीचा तांत्रिक प्रमुख होतो, त्या वयात यांचा निरोप समारंभ होतो.

दोन वर्षांपूर्वी असेच एक निवृत्त ग्रुप कॅप्टन आमच्या प्रयोगशाळेत आले. माझ्या सहकाऱ्याचे दूरचे नातेवाईक, पुण्यात राहणारे. प्रयोगशाळेत एका जुन्या जेट इंजिनाचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा पात्यांचा भाग, आहे, आवरण कापून उघडा ठेवलेला. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. ग्रुप कॅप्टनसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख एकेका पात्याच्या पुढच्या कडेवरून खालून वर फिरवत नेलं. सहाव्या की सातव्या पात्यावर नख अडलं. तांदळाच्या कणीएवढी खाच होती. मी त्या इंजिनावर कित्येक वर्षं शिकवत होते, मला ती कधी दिसली नव्हती.

"खडा गेलाय," ते म्हणाले. मग मुलांना जवळ बोलावलं. खाच पात्याच्या टोकाजवळ असेल तर काय करायचं? कानशीने हलक्या हाताने ती गोलसर, गुळगुळीत करून घ्यायची, म्हणजे ताण एका जागी साचत नाही. तीच खाच बुडाजवळ असेल तर? तिथे ताण सगळ्यात जास्त, म्हणून तिथे मोकळीक जवळजवळ नाहीच. किती मिलिमीटरपर्यंत चालेल ते पुस्तकात असतं. "पण बाळांनो, पुस्तक दिवसा वाचायचं असतं. पहाटे तीनला, बॅटरीच्या उजेडात, सहाला विमान जायचंय आणि खाच बरोब्बर मर्यादेवर आहे. फॉर्म ७०० वर, म्हणजे विमान उडायला ठीक आहे असं सांगणाऱ्या कागदावर, सही तुमची. काय कराल?" वर्गात कुणी बोललं नाही. ते म्हणाले, "मीही पहिल्या वेळी गप्पच होतो. माझ्या हाताखालच्या वॉरंट ऑफिसरने, म्हणजे जुन्या अनुभवी तंत्रज्ञाने, शिकवलं."

त्या दीड तासात मुलं जे शिकली ते मी एका सत्रात शिकवू शकले नसते, आणि हे मी विनयाने म्हणत नाही. मर्यादा मला ठाऊक आहे. मर्यादेवर उभं राहून निर्णय घेणं मला ठाऊक नाही, कारण माझ्या सहीवर कधी कुणी आकाशात गेलेलं नाही.

मी त्यांना विचारलं, तुम्ही हे कुठे लिहून ठेवलंय का? ते म्हणाले, नोकरीत असताना जाड वह्या भरल्या होत्या, बिघाडांच्या, कारणांच्या, फसलेल्या उपायांच्यासुद्धा. सरकारी नोंदी त्या, घरी आणता येत नाहीत, आणाव्यातही असं नाही. बदली झाली तेव्हा पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवल्या. काही वर्षांनी त्या जागी गेले आणि सहज चौकशी केली. अशा वह्या होत्या हेच कुणाला माहीत नव्हतं.

गुपित बाहेर जाऊ नये म्हणून ज्ञान घरी नेऊ देत नाही, हे बरोबर. पण मग ते आत तरी टिकायला हवं की नको?

ही हळहळ नुसती भावनेची नाही, तिची किंमत देशाने मोजलेली आहे. मारुतचं उदाहरण घ्या. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात घडलेलं हे लढाऊ विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचे चाचणी वैमानिक सुरंजन दास पुढे १९७० मध्ये मारुतच्याच अपघातात गेले. जोरकस इंजिन मिळालं नाही म्हणून विमान अपुरं राहिलं, तरी १९७१ च्या युद्धात ते लढलं. त्यानंतर नव्या लढाऊ विमानाची घडण थंडावली. हलक्या लढाऊ विमानाला, म्हणजे आजच्या तेजसला, मंजुरी मिळाली १९८३ मध्ये आणि ते उडालं ४ जानेवारी २००१ ला. मधल्या काळात मारुतवर हात बसलेली पिढी निवृत्त झाली, पांगली. तेजसला लागलेल्या उशिराची कारणं बरीच आहेत. निधीची चणचण होती, अणुचाचण्यांनंतरचे निर्बंध होते, त्याच्यासाठी इथे घडवायला घेतलेल्या कावेरी इंजिनाचं अपयश होतं. पण विद्येचा धागा तुटला होता, हे एक कारण आपण फार हळू आवाजात सांगतो.

दुसरं उदाहरण सुट्या भागांचं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि आपली मिग, अँटोनोव्ह, इल्युशिन ही सगळी विमानं एकाएकी पोरकी झाली. ज्या कारखान्यांतून भाग यायचे ते आता वेगवेगळ्या देशांत होते. तेव्हा आपल्या दुरुस्ती डेपोंमधल्या लोकांनी रबरी सीलपासून बेअरिंगपर्यंत शेकडो वस्तू इथल्या लहान कारखानदारांकडून घडवून घेतल्या. वाळवंटातल्या उन्हात कुठलं रबर तडकतं, कुठला पर्याय चालतो, कुठला विमानाला दगा देईल, हे अनुभवाने ठरत गेलं. पुढे २००९ मध्ये १०५ अँटोनोव्ह-३२ विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी झाला. ४० विमानं तिकडे व्हायची, उरलेली कानपूरला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि कानपूरचं काम भागांअभावी रखडलं. २०२२ च्या युद्धाने तीच अडचण पुन्हा उभी केली. तीस वर्षांत तीनदा एकच परीक्षा. पहिल्या परीक्षेला बसलेले आज सत्तरीत आहेत, काही गेलेही. त्यांनी ती कशी सोडवली हे आजच्या फ्लाइट लेफ्टनंटने कुणाला विचारायचं?

आणि मिग-२१. १९६३ मध्ये आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून निरोप घेऊन गेलं. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की आपल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हा आकडा वाचताना 'उडती शवपेटी' म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मला त्या चौकशा डोळ्यांसमोर येतात. प्रत्येक अपघातामागे एक चौकशी बसली असणार. कुणीतरी शेतातून तुकडे गोळा केले असणार, जळालेला पंप उघडून पाहिला असणार, वैमानिकाच्या आईवडिलांना भेटायला गेलं असणार. या माणसांना विमान कसं मरतं हे माहीत आहे. ते शिकायला देशाने १७१ तरुण मोजलेत. असल्या माणसाला निवृत्तीनंतर गृहसंकुलाचा व्यवस्थापक म्हणून वाहनतळाचे वाद मिटवताना पाहिलं की मला राग येतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण ते काम दुसरंही कुणी करू शकलं असतं.

आता बाजार या लोकांचं काय करतो ते बघा. वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. नियम योग्य आहे. जो काल खरेदीच्या फायलीवर बसला होता त्याने आज विक्रेत्याकडे बसू नये. पण ते वर्ष संपलं की दारात उभी राहते ती बहुधा 'सल्लागार' नावाची खुर्ची, आणि तिच्यावर बसून करायचं काय? दिल्लीत कुणाला भेटावं, कुठली फाइल कुठे आहे, कुठला अधिकारी त्यांच्या हाताखाली होता, हे सांगायचं. सगळ्या कंपन्या अशा नाहीत. राकेश शर्मांबरोबर अवकाशयात्रेसाठी तयार झालेले आणि राखीव राहिलेले एअर कमोडोर रवीश मल्होत्रा निवृत्तीनंतर बंगळूरच्या एका खासगी उद्योगात विमानांचे भाग घडवण्याच्या कामात उतरले. असं होऊ शकतं, इतकंच त्यावरून कळतं. नेहमी होतं असं नाही.

हवाई सैनिकांची गोष्ट आणखी कडू आहे. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला तंत्रज्ञ वीस वर्षांची सेवा संपवून चाळिशीच्या आत बाहेर पडतो. सुखोईचं इंजिन उतरवून परत चढवणारे हात. राष्ट्रीयीकृत बँकांत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आहेत: क गटात १४.५ टक्के, ड गटात २४.५ टक्के. लिपिक आणि शिपाई. मुलकी विमान कंपनीत जायचं तर देखभाल अभियंत्याचा परवाना हवा. लष्करी अनुभव धरतात, पण त्यावर मुलकी हँगरमधला अनुभव आणि एकामागून एक परीक्षा. सुरक्षिततेसाठी काही अटी असायलाच हव्यात. पण या परीक्षा सेवेतल्या शेवटच्या दोन वर्षांतच देता याव्यात, मुलकी हँगरमधले महिने रजेऐवजी तिथे काढता यावेत, एवढी सोय काही अशक्य नाही. ती नाही म्हणून तो माणूस बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, आणि नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीसाठी कुशल माणसं हवीत म्हणून जाहिराती निघतात.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला गुप्ततेचा. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे आणि गणवेश उतरला म्हणून तो उतरत नाही. मान्य. पण पात्यावर ताण कुठे साचतो हे गुपित नाही. दमट हवेत ॲल्युमिनियमच्या सांध्याला गंज कसा धरतो हे गुपित नाही. पाच हजार मीटरवर, लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीसारख्या धावपट्टीवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते आणि त्याने इंजिनाचं काय होतं, हे पदार्थविज्ञान आहे. जे खरोखर गुप्त आहे ते दलाच्या आत नोंदवा. निवृत्तीआधीचे शेवटचे सहा महिने अधिकाऱ्याला समारंभांत आणि शिल्लक रजेत घालवायला लावण्यापेक्षा नागपूरच्या मुख्यालयात बसवा. समोर दोन तरुण अधिकारी आणि ध्वनिमुद्रक ठेवा, आणि विचारा: काय बिघडलं, काय वाटलं होतं, काय निघालं. पुढचा माणूस शोधू शकेल असं ते लावून ठेवा. याला नवा कायदा लागत नाही, नवं मंत्रालय लागत नाही.

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. अतिविशिष्ट व्यक्तींच्या हेलिकॉप्टरचा २०१० मधला करार लाचेच्या आरोपांनंतर २०१४ मध्ये रद्द झाला, त्या प्रकरणाने सगळ्यांचेच हात पोळले. त्यानंतर अधिकारी आणि उद्योग यांच्यातली भिंत जितकी उंच तितकी बरी, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण भिंत चुकीच्या जागी आहे. ओळखी विकणाऱ्याला ती एक वर्ष थांबवते, विद्या देऊ पाहणाऱ्याला कायमची. खरेदीच्या व्यवहाराशी संबंधित कामावर बंदी एकाऐवजी पाच वर्षं करा, माझी हरकत नाही. त्याच वेळी आरेखन, चाचणी, दर्जा तपासणी आणि अध्यापन ही चार दारं पहिल्या दिवसापासून सताड उघडी ठेवा. काय विकतोय यावर नियम लावा, कोण आहे यावर नको.

अध्यापनाचं दार तर कागदावर उघडलेलंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय आणली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही, सशस्त्र दलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. मी एका संस्थेत त्या ग्रुप कॅप्टनसाहेबांसाठी प्रस्ताव दिला. पहिला प्रश्न आला: पीएचडी आहे का? मी परिपत्रकाची प्रत जोडली. मग प्रश्न आला: मानधन कुठून? इथे मला उत्तर नव्हतं. आयोगाने दार उघडलं, पण पैशाची सोय संस्थेने स्वतः किंवा उद्योगाकडून करायची. फाइल अजून कुठेतरी आहे. त्यांनी मला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. फौजेतल्या माणसाला पाठपुरावा करणं हे मागणं वाटतं, आणि मागायची त्यांना सवय नसते.

हे लिहायला आत्ताच का घेतलं? १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला घडलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए चं उड्डाण झालं. तेजसची तिसरी उत्पादनसाखळी तिथे सुरू झाली आहे. २०२१ मधली ८३ आणि २०२५ मधली ९७ अशी १८० विमानं हवाई दलाने मागवली आहेत. वडोदऱ्यात सी-२९५ ची ४० विमानं खासगी कारखान्यात घडायची आहेत. इतकी विमानं घडवायला यंत्रं विकत आणता येतात. पण मर्यादेवरची खाच पाहून 'थांबा' म्हणणारा माणूस विकत मिळत नाही, तो वीस-पंचवीस वर्षांत तयार होतो, आणि तयार झालेले आपल्याकडे आहेत. दुसरीकडे अग्निपथमध्ये चार वर्षांनी चारांतले तीन जण बाहेर पडणार. त्या योजनेच्या बऱ्यावाईटात मी इथे शिरत नाही, पण त्या वॉरंट ऑफिसरसारखा शिकवणारा चार वर्षांत घडत नाही. हवाई दलातच अशी माणसं विरळ होणार असतील तर बाहेर गेलेल्यांना परत बोलावण्याची गरज वाढते.

हातातली अशी विद्या कामाला लावली की काय होतं, हे आपल्याकडे एकदा दिसलेलं आहे. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेले हरजिंदर सिंग १९३० च्या सुमारास साधे हवाई सिपाही म्हणून भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन देखभाल कमांडचे प्रमुख झाले. त्यांच्या पुढाकाराने कानपूरच्या डेपोत जुळवलेलं ॲव्हरो हे वाहतूक विमान १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं. त्याच कानपुरात महायुद्धानंतर मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बर विमानं पडून होती. ती पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणूनच मोडलेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती तिथेच जुजबी दुरुस्त केली, जमशेद मुन्शी या वैमानिकाने एकेक करून बंगळूरला उडवत नेली, आणि १९४८ च्या अखेरीपासून १९६८ पर्यंत ती हवाई दलात राहिली. हरजिंदर सिंगांच्या आठवणी पुढे पुस्तकरूपाने आल्या, म्हणून त्यांचं आयुष्य आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे. त्यांच्या हाताखालच्या फिटरांनी काय केलं, कशाने काय जोडलं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

ग्रुप कॅप्टनसाहेब आले त्या दिवशी मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिसऱ्या वर्षाची. ती आता एका पवनचक्कीच्या कंपनीत देखभालीला आहे. गेल्या महिन्यात तिने एका गिअरच्या दाताचा फोटो मला पाठवला, 'सरांना दाखवाल का?' म्हणून. मी तो पुढे धाडला. रात्री पावणेअकराला त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: "बेटा, खाच दाताच्या बुडापासून किती मिलिमीटरवर आहे? मोजून सांग, मी जागा आहे."